आपदा मित्र

आपदा मित्र : पूर, भूकंप, दरड किंवा आग अशा संकटात बाहेरचे पथक पोहोचेपर्यंत आपल्याच गावात पहिली मदत उभी करणारा प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवक. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये या नावाची योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात २५ राज्यांतले ३० पूरप्रवण जिल्हे आणि दर जिल्ह्यात २०० स्वयंसेवक असे गणित होते. २०२१ मध्ये ते ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवले. सरकारी मराठीत ‘आपत्ती’ हा शब्द रुळलेला असला, तरी योजना केंद्राची असल्याने नावात ‘आपदा’ कायम राहिली.

कल्पना नवी नाही. मुंबईत डिसेंबर १९४६ मध्ये होमगार्ड उभे राहिले, १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे दिली. सरकारबाहेर कोल्हापूरची व्हाइट आर्मी, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र अशी मंडळी आधीपासून हेच काम करत होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडी या डोंगरावरच्या वस्तीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नसल्याने यंत्रे चढवणे अशक्य होते. अशा ठिकाणी डोंगराची वाट पायाखालची असलेला माणूसच आधी कामी येतो.

प्रशिक्षण बारा दिवसांचे. त्यात प्रथमोपचार, छातीदाब (सीपीआर), दोरकाम, जखमीला उचलण्याच्या रीती, आग विझवणे असे विषय येतात. बांबू आणि चादर यांचे स्ट्रेचर करतात. झाकण घट्ट लावलेली प्लॅस्टिकची रिकामी घागर छातीशी धरून पाण्यावर तरंगायला शिकवतात. माणसाच्या कमरेला बांधायची दोरी ओढ बसल्यावर आवळता कामा नये, म्हणून न सरकणारी गाठ डोळे मिटून बांधता येईपर्यंत घोटून घेतात. बुडणाऱ्याला वाचवण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी काठी पुढे करायची, मग दोरी फेकायची, मग होडी, स्वतः उडी मारणे सगळ्यात शेवटी. नदीकाठच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना हेच पचायला सगळ्यात जड जाते. पण बुडणारा माणूस मिठी मारतो आणि मग दोघेही जातात. प्रशिक्षणानंतर लाईफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, शिट्टी, गमबूट, प्रथमोपचार पेटी असा संच मिळतो. गटविमा असतो, पगार नसतो.

या कामाचा खरा कस कृष्णाकाठी दिसतो. सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न फिरत असतो : पाणी किती फुटांवर? १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. पण ४७ फुटांना आपल्या गल्लीत पाणी कुठवर येते, हे त्यावरून कळत नाही. ते भाषांतर गावातल्या माणसालाच करावे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नेमके इथेच चुकले. बऱ्याच घरांनी २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण प्रमाण मानली, सामान तिच्या वर रचले आणि माणसे माडीवर थांबली. आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेले, म्हणजे २००५ पेक्षा तीनेक फूट अधिक. जुनी आठवण उपयोगाची असते तशीच घातकीही. तिच्यावर किती विसंबायचे, हे आधी ठरवावे लागते.

दुसरी अडचण गोठ्याची. जनावरे हलल्याशिवाय शेतकरी घर सोडत नाही आणि त्याला हट्टी म्हणून भागत नाही. दुभती म्हैस हे त्याचे महिन्याचे उत्पन्न असते. म्हणून जाणता स्वयंसेवक आधी जनावरांची जागा नि वैरण ठरवतो, मग माणसांशी बोलतो. वेळ उरली नाही तर निदान दावी सोडायला सांगतो.

पूर्वी या भागात गुळाच्या गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, होडीसारखी पाण्यात सोडत आणि दोन-चार माणसे पैलतीरी नेत. पुढे यांत्रिक बोटी आल्या, पण बोटीत किती माणसे घ्यायची हे बोट सांगत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. काठावर गर्दी उभी असताना ‘आता बास’ म्हणणारा आणि ज्याचे ऐकले जाईल असा माणूस हवा असतो. ते वजन बारा दिवसांत मिळत नाही.

योजनेची कच्ची बाजूही आहे. वयोमर्यादा साधारण १८ ते ४० अशी, आणि याच वयाची पोरे कामाला पुण्या-मुंबईला जातात. संच पेटीत राहतो, गाठी विसरतात. म्हणून जिथे काम टिकले, तिथे ते पावसाआधी सुरू होते : मे महिन्यात बोटीचे इंजिन चालू करून पाहणे, दोर उन्हात पसरून कुजका भाग कापणे आणि वहीतली यादी नव्याने लिहिणे. त्या यादीत अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरत आलेली कोण, डायलिसिसला कोण जातो, एकटी म्हातारी कुठल्या घरी आणि तिच्या घराची किल्ली शेजारी कुणाकडे, हे असते.