एडीएचडीतील कारक अडचणींवरील उपचार

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणारा विकार, असलेल्या व्यक्तींना हालचालींचा मेळ साधताना येणाऱ्या, म्हणजेच कारक, अडचणी कमी करण्यासाठी केले जाणारे उपचार. अक्षर न वळणे, गुंड्या किंवा बुटांच्या नाड्या न जमणे, चेंडू हातून निसटणे, अशा रूपांत त्या दिसतात. एडीएचडी असलेल्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये त्या आढळतात, आणि त्यांतील अनेकांना विकासात्मक समन्वय विकार, म्हणजेच डिस्प्रॅक्सिया, असतो. हे निदान सहसा पाच वर्षांच्या आधी केले जात नाही. घरात मात्र याला वेंधळेपणा म्हणून रागावणेच अधिक घडते.

उपचार ठरवण्यापूर्वी चूक लक्ष ढळल्याने होते की हालचालच नीट बसलेली नाही, हे पाहावे लागते. पहिल्या प्रकारात एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने फरक पडतो, काही मुलांचे अक्षरही सुवाच्य होते. दुसऱ्यात औषध सरावाला बसण्याइतके लक्ष देते, सराव मात्र करावाच लागतो. विकासात्मक समन्वय विकारावरील २०१९च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी जे काम अडते त्याच कामाचा सराव करून घेणाऱ्या पद्धतींना पसंती दिली आहे. कॅनडात विकसित झालेल्या को-ऑप पद्धतीत मूल स्वतः ध्येय ठरवते, योजना आखते, करून पाहते आणि कुठे चुकले ते तपासते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणारा तज्ज्ञ, उत्तर न सांगता प्रश्न विचारतो.

वडोदऱ्यातील मराठी मुलाचे ध्येय नवरात्रात तीन टाळ्यांचा गरबा चुकू न देण्याचेही असू शकते, आणि पावले, टाळी, वळण असे तुकडे पाडून ते शिकवता येते. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात मल्लखांबाकडे पालकांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. त्याने तोल आणि पकड सुधारते, पण तेवढ्याने अक्षर सुधारेल असे धरून चालू नये. लेखनाचा भार येथे एरवीही जास्त असतो, कारण शिरोरेषेची देवनागरी, शिरोरेषा नसलेली गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांची वळणे हाताला एकाच वयात बसवावी लागतात. अशा वेळी एका लिपीचे वळण पक्के होईपर्यंत बाकीच्यांचे लेखी काम कमी करणे आणि पुढे टंकलेखनाची मुभा देणे रास्त ठरते.

दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन, गणित यांसारख्या शिकण्यातील अडचणींच्या) व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे, एडीएचडीचा नाही. म्हणून परीक्षेतील सवलतीसाठी कारक अडचणीची नोंद निदानपत्रात वेगळी करून घ्यावी.