फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून झालेली शंभर वर्षांची धडपड

१९१९ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात ॲल्टन ऑक्सनर डॉक्टरकी शिकत होते. एका शवविच्छेदनाच्या वेळी त्यांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. मृत्यू फुप्फुसाच्या कॅन्सरने झाला होता आणि हा आजार पुन्हा कधी पाहायला मिळेल याची खात्री नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑक्सनर यांना पुढचा रुग्ण दिसायला खरोखरच सतरा वर्षं लागली. मग मात्र सहा महिन्यांत नऊ रुग्ण आले. सगळे पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे, आणि बहुतेकांना ही सवय पहिल्या महायुद्धात लागलेली.

आज जगात कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये हा आजार पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ मध्ये सुमारे २५ लाख नवे रुग्ण आणि १८ लाख मृत्यू. इतका दुर्मीळ आजार एवढा कसा पसरला, याचं उत्तर मुख्यतः यंत्राने वळलेल्या सिगारेटमध्ये आहे. १८८०च्या दशकात जेम्स बॉनसॅकच्या यंत्रातून दिवसाला लाखावर सिगारेटी निघू लागल्या. हा सौम्य धूर लोक थेट छातीत ओढत. पण ओढायला सुरुवात झाल्यापासून गाठ होईपर्यंत वीस-तीस वर्षं जातात. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड घालायला दोन पिढ्या लागल्या.

सिगारेट हे एकमेव कारण नव्हे, हेही फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जर्मनीतल्या श्नेबर्गचे खाणकामगार छातीच्या एका विचित्र आजाराने मरत. तो फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे १८७९ मध्ये दाखवलं गेलं. खाणीतल्या रेडॉन वायूचा त्याच्याशी असलेला संबंध पुढे उलगडला. ॲस्बेस्टॉस, डिझेलचा धूर, चुलीतल्या कोळशाचा धूर ही नावं नंतर यादीत आली, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हवेच्या प्रदूषणालाही कॅन्सरकारक ठरवलं.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांमधली पाहणी छापली. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत सिगारेट, पाइप काहीच न ओढणारे निघाले फक्त दोन. सुरुवातीला रस्त्यावरच्या डांबरावर संशय असलेल्या डॉल यांनी पाहणी चालू असतानाच स्वतःची सिगारेट सोडली. त्याच वर्षी एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी अर्न्स्ट वाइंडरबरोबर अमेरिकेतला तसाच निष्कर्ष मांडला. १९३३ मध्ये कॅन्सरग्रस्त अख्खं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रुग्णाला वाचवणारे सर्जन ते हेच. अनेक वर्षं भरपूर सिगारेट ओढलेले ग्रॅहम १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले. त्यांनी वाचवलेला तो रुग्ण, तोही डॉक्टरच, त्यांच्या मागे जगला.

शस्त्रक्रियेने गाठ काढता येते हे तेव्हापासून सिद्ध होतं. अडचण होती ती गाठ उशिरा सापडण्याची. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळतच नाही. गाठ वाढत राहते आणि खोकला, बेडक्यातून रक्त, धाप, वजन घटणं सुरू होतं तोवर ती अनेकदा पसरलेली असते. म्हणून त्रास नसतानाच तपासावं, ही कल्पना पुढे आली.

तिची पहिली परीक्षा १९७०च्या दशकात झाली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने नऊ हजारांवर धूम्रपान करणारे पुरुष घेतले. एका गटाचा दर चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली. या गटात २०६ कॅन्सर सापडले, दुसऱ्यात १६०. मृत्यू मात्र अनुक्रमे १२२ आणि ११५. जास्त गाठी सापडल्या, पण जीव वाचले नाहीत! या आजाराच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मला हाच वाटतो. गाठ दोन वर्षं आधी दिसली आणि माणूस ठरलेल्या वेळीच गेला, तर ‘निदानानंतर जास्त जगला’ असं कागदावर दिसतं, पण हाती काहीच लागलेलं नसतं. काही गाठी तर इतक्या संथ असतात की त्या कधी सापडल्या नसत्या तरी बिघडलं नसतं.

उत्तर कमी मात्रेच्या, म्हणजे कमी क्ष-किरण वापरणाऱ्या, सीटी स्कॅनने दिलं. त्यात शिरेतून औषध द्यावं लागत नाही, श्वास काही सेकंद रोखून धरायचा की काम झालं. एक्स-रेमध्ये फासळ्यांआड लपणारी काही मिलिमीटरची गाठ त्यात दिसते. २०११ मध्ये ५३,४५४ जणांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला. त्यात सगळे वयाने ५५ ते ७४, वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले. तीन वर्षं दरवर्षी स्कॅन केल्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या चाचणीत पुरुषांमध्ये ही घट २४ टक्के निघाली. पण अमेरिकी चाचणीत जवळपास दर चार स्कॅनमागे एकात संशयास्पद काही दिसलं आणि त्यातलं ९६ टक्के कॅन्सर नव्हतं. जुन्या जंतुसंसर्गाचा व्रणही स्कॅनवर गाठीसारखा दिसू शकतो. म्हणून लहान गाठ दिसली की लगेच सुई न टोचता काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ती वाढते का, हे पाहतात. ते महिने माणूस कोणत्या घोरात काढतो हे आकड्यांत येत नाही, पण डॉक्टरांनी ते आधीच समजावून सांगायला हवं. आणि ज्याला आधीच बेडक्यातून रक्त पडतंय, त्याच्यासाठी ही चाळणी, म्हणजे त्रास नसतानाची तपासणी, नाहीच. त्याने थेट डॉक्टरांकडे जावं.

उपचारांतला मोठा पालट २००४ मध्ये आला. जेफिटिनिब नावाची गोळी बहुतेकांना लागू पडत नव्हती, पण थोड्या रुग्णांच्या गाठी काही आठवड्यांत विरघळल्यागत लहान होत. त्या गाठींच्या ईजीएफआर जनुकात बदल असतो, हे त्या वर्षी उघड झालं. असे बदल धूम्रपान न करणाऱ्यांत, स्त्रियांत आणि पूर्व आशियाई रुग्णांत जास्त आढळतात. तेव्हापासून बायोप्सीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी हा उपचाराचा पाया झाला. २०१५ पासून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, आली आणि पसरलेला आजार असलेले काही रुग्णही वर्षानुवर्षं जगू लागले. २०२२ मध्ये दोन चाचण्यांनी दाखवलं की दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फुप्फुसाचा पूर्ण खंड न काढता लहान भाग काढला तरी चालतं.

आता प्रश्न आहे कधीच न ओढणाऱ्यांचा. बहुतेक ठिकाणी चाळणीचे निकष वय आणि सिगारेटीवर ठरतात, त्यामुळे ही माणसं बाहेर राहतात. तैवानने जुलै २०२२ पासून कुटुंबात हा आजार असलेल्यांनाही सरकारी तपासणीत घेतलं. तिथल्या सुमारे १२,००० न ओढणाऱ्यांच्या आधीच्या अभ्यासात २.६ टक्के जणांना कॅन्सर सापडला होता. मात्र तपासलेले आणि न तपासलेले अशा दोन गटांतल्या मृत्यूंची तुलना या लोकांसाठी अजून पूर्ण झालेली नाही.