घोड्याची लिलावातून खरेदी

जाहीर बोलीत सर्वांत वरची रक्कम देऊन घोडा विकत घेण्याची पद्धत. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने होतो. १७६६ साली लंडनमध्ये सुरू झालेली आणि आता न्यूमार्केटला असलेली टॅटरसॉल्स ही पेढी आजही गिनीत, म्हणजे १.०५ पौंडाच्या हिशोबात बोली घेते. सवारीचे घोडे आणि तट्टेही लिलावात येतात.

रिंगणात घोडा जेमतेम दोन-तीन मिनिटे दिसतो. त्यामुळे निवड आधी तबेल्यातच उरकावी लागते. कॅटलॉगमध्ये प्रत्येक घोड्याला लॉट क्रमांक असतो. त्याखालच्या वंशावळीइतक्याच बारकाईने विक्रीच्या अटी वाचाव्यात. ‘जसा आहे तसा’ विकल्या जाणाऱ्या घोड्याबाबत नंतर तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

तपासणीची सुरुवात पायांपासून करतात. घोडा सपाट, टणक जमिनीवर उभा करून समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पाहावा. पुढचे दोन खूर आकाराने सारखे हवेत. एक अरुंद आणि उभट असेल, तर त्या पायावर तो बराच काळ कमी भार देत असण्याची शक्यता असते. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागच्या कंडरा बोटांनी चाचपाव्यात: ऊब, सूज किंवा दाबताच पाय ओढून घेणे ही जुन्या-नव्या दुखापतीची खूण. मग दोरीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून घ्यावे. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोके वर उचलले जाते आणि चांगला पाय टेकताना खाली जाते. मोतद्दाराने दोरी आखूड धरली, तर ही हालचाल दबते. म्हणून दोरी सैल सोडायला सांगावे.

वय दातांवरून पडताळतात. पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढचे सगळे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात. त्यानंतरचा अंदाज वाढत्या वयाबरोबर ढिला होत जातो. तबेल्याच्या दाराच्या कडा कुरतडलेल्या असतील, तर घोड्याला लाकूड धरून हवा गिळण्याची खोड असू शकते. झुकलेल्या पापण्या आणि लोंबणारा ओठ दिसला, तर शांतपणामागे गुंगीचे औषध असू शकते. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक लंगडणे झाकते. त्यामुळे रक्ताचा नमुना घेण्याची सोय आहे का, हे आधीच विचारावे. मोठ्या लिलावांत एक्स-रे आणि घशाची दुर्बीण तपासणी पाहायला ठेवलेली असते; ती विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या पशुवैद्याने वाचावी.

कमाल रक्कम कागदावर लिहून मगच बोलीला उतरावे. तीत कमिशन, कर, वाहतूक आणि विमा धरलेला हवा. विक्रेत्याने ठरवलेली राखीव किंमत गाठली नाही, तर घोडा परत जातो. तेव्हा विक्रेत्याशी बोलून सौदा होऊ शकतो, आणि बरेचदा तोच शहाणपणाचा ठरतो. रिंगणातली चढाओढ घोड्याचा दर्जा सांगत नाही. २००६ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरला गेलेला ‘द ग्रीन मंकी’ तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. उलट १९७५ मध्ये १७,५०० डॉलरला विकला गेलेला ‘सिॲटल स्ल्यू’ १९७७ मध्ये अमेरिकेचा तिहेरी मुकुट, म्हणजे तीन मोठ्या शर्यतींचा मान, जिंकून गेला.

हातोडा पडला की सहसा जोखीम खरेदीदाराची होते, म्हणून विमा त्याच क्षणापासून लागू असावा. पासपोर्ट आणि मायक्रोचिपचा क्रमांक जुळवून घ्यावा. विक्रीच्या अटींत तशी सोय असेल, तर श्वासाचा दोष किंवा वाईट खोड यांवरून घोडा परत करता येतो, पण त्याची मुदत फार थोडी असते; ती टळली तर दावा बुडतो. घरी आणल्यावर दोन ते तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळे ठेवावे आणि त्याच्या बादल्या-खरारेही वेगळे असावेत, कारण लिलावाच्या गर्दीत स्ट्रँगल्ससारखे (जबड्याखाली गाठी आणणारा संसर्गजन्य रोग) रोग सहज लागतात. या काळात रोज दोनदा ताप मोजावा, ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेला किंवा जबड्याखाली गाठ लागली, तर पशुवैद्याला बोलवावे.