विज्ञान साक्षरता

विज्ञानातील मूलभूत संकल्पना, ज्ञान पडताळण्याची वैज्ञानिक रीत आणि दावा व पुरावा यांमधील संबंध यांची दैनंदिन व सार्वजनिक निर्णयांत उपयोगी पडेल इतपत जाण. वैज्ञानिक दृष्टिकोन ही वृत्ती होय. साक्षरतेत तिच्या जोडीने विषयज्ञानही अभिप्रेत असते.

ही संज्ञा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ पॉल डीहार्ट हर्ड यांनी 1958 मधील लेखात रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. तथापि त्याच वर्षीच्या रॉकफेलर ब्रदर्स फंड या अमेरिकन संस्थेच्या शिक्षणविषयक अहवालातही ती आढळते आणि हार्वर्ड विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स ब्रायंट कॉनंट यांनी तर 1952 मध्येच ती वापरली होती. त्यामुळे जनकत्व एकट्या हर्ड यांना देण्यापेक्षा, ऑक्टोबर 1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक-1 हा उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाची जी फेरतपासणी सुरू झाली, तिच्या ओघात आधीच प्रचारात असलेला शब्द स्थिरावला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. मूळ विचार त्याहून जुना आहे : विज्ञान हे विचारपद्धती म्हणून न शिकवता तयार माहितीचा साठा म्हणून शिकवले जाते, असा आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ व शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी 1910 च्या सुमारासच घेतला होता.

अमेरिकन खगोलभौतिकीविज्ञ बेंजामिन शेन यांनी 1975 मध्ये व्यावहारिक (दैनंदिन गरजा भागवण्यास उपयोगी), नागरी (सार्वजनिक निर्णयांत सहभागासाठी) व सांस्कृतिक (मानवी कर्तृत्व म्हणून विज्ञानाची ओळख) असे विज्ञान साक्षरतेचे तीन प्रकार कल्पिले.

शालेय अध्यापनात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरस्कारलेली स्वयंशोधन पद्धती महत्त्वाची असली, तरी प्रत्येक नियम विद्यार्थ्यानेच शोधावा ही अपेक्षा अव्यवहार्य ठरली. उलट टोकाला, निष्कर्ष पाठ्यपुस्तकात आधीच छापलेला असलेला प्रयोग उत्तर जुळवून घेण्याचीच सवय लावतो. 1970 नंतरच्या संशोधनाने विद्यार्थ्यांच्या पूर्वकल्पनांकडे लक्ष वेधले. पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून उन्हाळा होतो, ही समजूत ऋतूंचा धडा शिकल्यावरही टिकते. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात. अशा वेळी विद्यार्थ्यांकडून आधी अंदाज वदवून घेणे, मग निरीक्षण करवणे आणि दोहोंतील तफावतीचे कारण मागणे, ही मार्गदर्शित अन्वेषणाची रीत केवळ दुरुस्त माहिती सांगण्यापेक्षा परिणामकारक दिसते.

पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2006 मध्ये विज्ञान हा प्रथमच मुख्य विषय होता; तीत ज्ञानाचा वापर करणे व पुराव्याचा अर्थ लावणे यांवर भर असतो. प्रौढांच्या सर्वेक्षणांत मात्र इलेक्ट्रॉन अणूपेक्षा लहान असतो की नाही, यांसारखे प्रश्न दीर्घकाळ वापरले गेले असून त्यांतून स्मरण मोजले जाते, पुरावा तोलण्याची क्षमता नव्हे.