काउंटी-मुख्यालयाचे स्थलांतर

काउंटी हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटकराज्याखालचा प्रशासकीय विभाग असून त्याचे न्यायालय, दस्तनोंदणी कार्यालय, खजिना व तुरुंग ज्या गावी असतात ते त्याचे मुख्यालय होय. हे मुख्यालय एका गावाहून दुसऱ्या गावी हलविण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकात, विशेषतः मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस नव्याने वसलेल्या प्रदेशांत, वारंवार घडले. न्यू इंग्लंडमध्ये (ईशान्येकडील राज्यांत) स्थानिक कारभार मुख्यतः टाउन या घटकाकडे असल्याने तेथे या वादाला फारशी धार नव्हती. कनेक्टिकटने तर १९६० मध्ये काउंटी-शासनच बंद केले.

मुख्यालय काउंटीच्या मध्याजवळ असावे, या अपेक्षेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. शेतकऱ्याला घोड्यावरून न्यायालयात जाऊन एका दिवसात परतता यावे या हिशोबाने काउंट्यांचे आकारमान ठरविले गेले, असे स्थानिक इतिहासांत सर्रास लिहिलेले आढळते. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांत न्यायालय दूर पडते अशा अर्जांवरून काउंट्यांची विभागणी झालेली असल्याने हे मत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि मध्यपश्चिमेकडील काउंट्यांच्या बाबतीत जमीनमोजणीच्या पद्धतीचा वाटा अधिक असावा. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सहा मैल बाजूच्या चौरस टाउनशिप आखण्यास प्रारंभ झाला. आयोवातील पुष्कळ काउंट्या अशा सोळा टाउनशिपांच्या, म्हणजे सु. ५७६ चौ. मैल क्षेत्राच्या आहेत, आणि कॅन्ससच्या संविधानाने घातलेली ४३२ चौ. मैलांची किमान मर्यादाही नेमकी बारा टाउनशिपांइतकी भरते. एका दिवसाच्या प्रवासाचे स्पष्टीकरण या चौकटीवर मागाहून बसविले गेले असण्याचा संभव त्यामुळे अधिक वाटतो.

उगम काहीही असो, मध्यवर्ती गावाला झुकते माप देण्याचे तत्त्व कायद्यात उतरले. इलिनॉयच्या १८७० च्या संविधानाने स्थलांतरास तीन-पंचमांश मतदारांची संमती आवश्यक केली व दहा वर्षांतून एकापेक्षा अधिक वेळा हा प्रश्न मतास टाकण्यास मनाई केली. मात्र नवे ठिकाण मध्याच्या अधिक जवळ असल्यास साधे बहुमत पुरेसे ठरविले. टेक्ससच्या १८७६ च्या संविधानानुसार भौगोलिक मध्यापासून पाच मैलांच्या आतील मुख्यालय हलविण्यास दोन-तृतीयांश मते लागत, तर पाच मैलांपलीकडून आत आणण्यास बहुमत चाले. विधिमंडळातील वजन वापरून एखाद्याच गावासाठी विशेष कायदा करवून घेण्याची वाटही हळूहळू बंद होत गेली. केंद्रशासित प्रदेशांच्या विधिमंडळांना असे कायदे करण्यास काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १८८६ मध्ये बंदी केली.

मुख्यालयासाठी गावकऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे पुढे काय, हा प्रश्न ओहायओतील महोनिंग काउंटीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८४६ च्या कायद्याने ही काउंटी स्थापन करताना, रहिवाशांनी जागा व इमारतींसाठी ५,००० डॉलर द्यावेत या अटीवर, कॅनफील्ड येथे मुख्यालय ‘कायमचे’ स्थापन केले होते. पुढे लोखंडाच्या उद्योगामुळे यंग्सटाउन वाढले आणि १८७४ च्या कायद्याने व मतदारांच्या कौलाने मुख्यालय तेथे गेले. हा करारभंग आहे, असे कॅनफील्डच्या पक्षाचे म्हणणे होते. न्यायालयाने न्यूटन विरुद्ध कमिशनर्स या खटल्यात (निर्णय, न्या. स्वेन) ते अमान्य केले. मुख्यालयाचे स्थान हा शासनव्यवहाराचा विषय असल्याने एका विधिमंडळाला पुढच्या विधिमंडळाचे हात बांधता येत नाहीत. शिवाय स्थापनेच्या वेळी हलविण्याचा हेतू नव्हता एवढ्याने ‘कायमचे’ ही अट पुरी होते, कारण मुख्यालय तेथे अखंड ठेवण्याचे वचन कायद्यात नव्हतेच, असा निर्णयाचा आशय आहे. देणगीदारांच्या दृष्टीने हा युक्तिवाद कठोर असला, तरी विधिमंडळाचा अधिकार त्याने निर्विवाद केला.

वादाच्या मुळाशी बहुधा जमिनीचे भाव असत. मुख्यालय आले की वकील, खानावळी, वृत्तपत्रे येत. ते गेले आणि लोहमार्गही दूर राहिला, तर गाव ओस पडे. त्यामुळे मतमोजणीवर कोणाचाच भरवसा नसे. वॉशिंग्टन प्रदेशात (हल्लीच्या वॉशिंग्टन राज्यात) १८८० च्या वादग्रस्त मतदानानंतर चेनीच्या लोकांनी मार्च १८८१ मध्ये स्पोकॅन फॉल्स येथील दप्तर रातोरात उचलून नेले. १८८६ मध्ये मुख्यालय स्पोकॅन फॉल्सला परत आले. कॅन्ससमध्ये ग्रे काउंटीच्या दप्तरासाठी सिमरॉन व इंगल्स यांच्यात जानेवारी १८८९ मध्ये गोळीबार झाला. स्टीव्हन्स काउंटीतील ह्यूगोटन-वुड्सडेल संघर्षात जुलै १८८८ मध्ये शेरीफ जॉन क्रॉससह चौघे मारले गेले. ही हत्या कोणत्याही राज्यात न मोडणाऱ्या पट्ट्यात, हल्लीच्या ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाकडील भागात, झाली होती. टेक्ससमधील न्यायालयाने या प्रकरणी दिलेल्या फाशीच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये रद्द केल्या.

लाकडी इमारती असत तेथे कचेरीही सोबत नेता येई. नेब्रास्कातील बॉक्स ब्यूट काउंटीची न्यायालयीन इमारत १८९९ मध्ये हेमिंगफर्डहून अलायन्सला रेल्वेवरून हलविण्यात आली. दगडी इमारती उभ्या राहिल्यावर स्थलांतरे विरळ झाली. काही काउंट्यांनी दोन मुख्यालये ठेवून तडजोड केली. आयोवातील ली काउंटीचा कारभार एकोणिसाव्या शतकापासून दीर्घकाळ फोर्ट मॅडिसन व केओकक या दोन्ही गावांतून चालत आला.