आउटबोर्ड मोटर : शीतन आणि देखभाल

नौकेच्या मागील आडव्या फळीला बाहेरून जखडलेले, गरज पडल्यास काढून नेता येणारे एंजिन. वर एंजिनाचा मुख्य भाग, मध्ये उभा दंड असलेला पोकळ पाय आणि तळाशी दंतचक्रपेटी व पंखा अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. ज्या पाण्यावर नौका तरंगते तेच पाणी बहुतेक आउटबोर्ड मोटरींत एंजिनातून एकदाच फिरवून बाहेर टाकले जाते. मोटारगाडीत तेच ते स्वच्छ पाणी बंद मंडलात फिरत राहते. येथे दर क्षणी नवे पाणी येते आणि सोबत मीठ, गाळ, शेवाळ, प्लॅस्टिक असे जे असेल तेही येते. आउटबोर्ड मोटरीच्या बिघाडांचा मोठा भाग या खुल्या मंडलाशी निगडित असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत शीतनाचा विचार प्राधान्याने केला आहे.

इतिहास : पहिल्या आउटबोर्ड मोटरीचा मान कोणाला द्यावा याविषयी एकमत नाही. फ्रेंच संशोधक ग्युस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत सुकाणूवर बसवलेल्या विद्युत् चलित्राने नौका चालवून दाखवली. काढता-घालता येणे हीच कसोटी मानली, तर अग्रक्रम त्यांच्याकडे जातो. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरींत न्यूयॉर्कच्या अमेरिकन मोटर कंपनीने १८९६ च्या सुमारास केलेल्या मोटरीचा उल्लेख येतो. मात्र तिची निर्मिती फार थोडी झाली असावी. त्यानंतर कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या आसपास डेट्रॉइट येथे प्रयोग केले आणि १९०७ मध्ये पेटंट मिळवले. नॉर्वेत जन्मलेले व अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड (१८७७–१९३४) यांची मोटर १९०९ मध्ये बाजारात आली. तिचे पेटंट १९११ चे आहे. भावी पत्नीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून ते दमले व त्यातून त्यांना मोटरीची कल्पना सुचली, ही १९०६ च्या सुमाराची कथा बहुतेक ग्रंथांत आढळते. ती आख्यायिका म्हणूनच घेणे बरे.

शीतनाच्या दृष्टीने पाहता या वादाला वेगळे वळण मिळते. वॉटरमन यांची आरंभीची मोटर हवेने थंड होणारी होती व पुढे तिच्यात पाण्याचा वापर आला. एव्हिनरूड यांची सुमारे दीड अश्वशक्तीची मोटर मात्र पाण्याने थंड होणारी होती. आडवा सिलिंडर, उभा भुजादंड (क्रँकशाफ्ट), माथ्यावर गतिपालक चक्र (फ्लायव्हील) व तळाशी शंकुदंतचक्रे हा तिचा साचा पुढे रूढ झाला. आजच्या आउटबोर्ड मोटरीची वंशावळ तिच्यापासून मांडणे अधिक सयुक्तिक वाटते.

पंपाचा इतिहास स्वतंत्रपणे पाहावा लागतो. आरंभीच्या एव्हिनरूड मोटरींत उत्केंद्री चक्राने वरखाली होणारा दट्ट्याचा पंप होता. अमेरिकेतील जॉन्सन कंपनीच्या १९२० नंतरच्या काही मोटरींत पंपच नव्हता. पंख्याच्या मागे पाण्याचा दाब वाढतो व पुढे तो घटतो. या फरकाचा उपयोग करून पाणी एका नळीतून वर चढवले जाई व दुसरीतून ओढून घेतले जाई. या रचनेत झिजणारे भाग जवळजवळ नसत. उणीव ही, की पंखा मंद फिरत असताना पाणी पुरेसे चढत नसे. लवचीक रबरी पात्यांचा पंप १९४० च्या आसपास पुढे आला व दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू सर्वत्र पसरला. हे संक्रमण एका सालात बांधता येत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या मोटरी पुढेही बराच काळ वापरात राहिल्या.

रबरी पंप : दंतचक्रपेटीच्या वर, पाण्याच्या पातळीखाली, उभ्या दंडावरच चावीने अडकवलेले रबरी चक्र (इम्पेलर) असते. ज्या वाटीत ते फिरते तिचा मध्य दंडाच्या मध्यापासून थोडा सरकवलेला असतो. त्यामुळे एका बाजूला पाती उलगडतात व पाणी आत घेतात, दुसऱ्या बाजूला ती दाबली जातात व पाणी नळीतून वर ढकलतात. मंद वेगाला हा पंप ठराविक घनफळ ढकलणारा असतो. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाती वाटीच्या भिंतीपासून सुटतात आणि तोच पंप केंद्रोत्सारी पंपासारखा वागू लागतो. मंद वेगाला पुरेसे पाणी आणि पूर्ण वेगाला मर्यादित दाब या दोन्ही गरजा एवढ्याशा रबराने भागतात, हे या रचनेचे खरे मर्म आहे.

मात्र या रबराला वंगण म्हणून केवळ पाणीच असते. मोटर किनाऱ्यावर कोरडी चालवली तर पाती काही सेकंदांतच तापून झडू लागतात. म्हणून ‘चालू होते की नाही ते पाहण्यापुरती’ म्हणूनही ती पाण्याबाहेर चालवू नये. दंड उलट दिशेने फिरवल्यासही पाती उलटी वळतात. तुटलेल्या पात्यांचे तुकडे वर जाऊन अरुंद जलमार्गात किंवा थर्मोस्टॅटपाशी (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी) अडकतात. नवे चक्र बसवताना जुन्याचे तुकडे जुळवून पाहावेत आणि एखादा कमी भरला तर तो एंजिनात शोधावा. तसे न केल्यास नवा पंप असूनही मोटर तापत राहते. चक्र वर्षाकाठी किंवा सुमारे १०० ते २०० तासांनी तपासावे, असे निर्माते साधारणपणे सुचवतात. कोकणातील गढूळ खाड्यांत वाळूच्या कणांनी वाटी व तिच्याखालची पोलादी पट्टीही घासली जाते, त्यामुळे तेथे हा कालावधी आखूडच धरावा. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैतील मासेमारी बंदीच्या काळात मोटर उभी राहते व वाकलेली पाती त्याच आकारात कडक होतात. नारळी पौर्णिमेला दर्या उघडतो, त्याआधीच पंप उघडून पाहणे इष्ट होय.

थर्मोस्टॅट व क्षारांचे थर : मोटारगाडीचा थर्मोस्टॅट सामान्यपणे ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो, तर आउटबोर्ड मोटरीचा बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास. जास्त तापमानाला एंजिनाची कार्यक्षमता वाढत असताही ही मर्यादा खाली ठेवली जाते, याचे कारण समुद्राच्या पाण्याचे रसायनशास्त्र आहे.

खुल्या समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी बहुतेक भाग साध्या मिठाचा, कॅल्शियम केवळ ०·४ ग्रॅमच्या आसपास. असे असूनही धोकादायक थर आधी कॅल्शियमचेच बसतात. साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेट व निर्जल कॅल्शियम सल्फेट यांचे वर्तन उलट असून पाणी तापले की त्यांची विद्राव्यता घटते. सिलिंडराची भिंत हाच जलमार्गातील सर्वांत तप्त पृष्ठभाग, त्यामुळे थरही नेमका तेथेच धरतो. थर उष्णतेला अडवतो, भिंत अधिक तापते आणि थर अधिक जाड होतो. साधे मीठ मात्र वाहत्या पाण्यातून वेगळे होऊन बसत नाही, कारण त्यासाठी पाणी आटून मूळ घनफळाच्या सुमारे दशांशावर यावे लागते. उरण-पेणच्या मिठागरांत हाच क्रम दिसतो : आधी कार्बोनेट, मग पाणी साडेतीन-चार पट संहत झाल्यावर जिप्सम (पाणीयुक्त कॅल्शियम सल्फेट) आणि अखेरीस मीठ.

जलमार्ग बुजतात ते मोटर चालू असताना की बंद केल्यानंतर, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार अतितापनात बसणारा कॅल्शियमचा थर हे मुख्य कारण. दुसऱ्या मतानुसार मोटर बंद झाल्यावर आत राहिलेले थोडे पाणी साठलेल्या उष्णतेने आटते व मीठ तेथेच उरते, आणि दर फेरीला त्यात भर पडते. थर्मोस्टॅट धड असलेल्या मोटरींत तापमान मर्यादेतच राहते, हे लक्षात घेता दुसरे मत नेहमीच्या वापराला अधिक लागू पडते. त्याला पुष्टी देणारी आणखी एक बाब म्हणजे समुद्री क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड. ते हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे दमट किनाऱ्यावर आतले मीठ कधी पुरते सुकत नाही आणि उभ्या मोटरीतही ॲल्युमिनियमचे संक्षारण चालूच राहते.

यावरून गोड्या पाण्याने धुण्याचे महत्त्व ध्यानात येते. खाऱ्या पाण्यातील प्रत्येक वापरानंतर दहा-पंधरा मिनिटे गोडे पाणी आतून खेळवावे. पाणी आत घेणाऱ्या तळच्या जाळ्यांवर रबरी टोप्या लावून पाणी सोडायचे असल्यास मोटर मंद वेगाने चालवावी, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून त्याच्या पलीकडील भागही धुतला जातो. पंखा आधी काढून ठेवणे सुरक्षित. काही मोटरींना धुण्यासाठी वेगळे तोंड असते व ते बहुधा मोटर बंद ठेवूनच वापरायचे असते. धुतल्यावर मोटर उभीच ठेवून पाणी पूर्ण निथळू द्यावे. ती लगेच वर तिरकी उचलल्यास वरच्या जलकक्षांत पाणी साचते. बसलेला थर काढण्यासाठी सौम्य आम्ल (उदा., व्हिनेगर) वापरतात, हायड्रोक्लोरिक आम्ल व दाहक सोडा दोन्ही ॲल्युमिनियमला खातात, म्हणून ते वर्ज्य होत. संक्षारण स्वतःवर घेणारी धातूची लादी (त्यागी धनाग्र) खाऱ्या पाण्यात जस्ताची किंवा ॲल्युमिनियमाची, निमखाऱ्यात ॲल्युमिनियमाची व गोड्यात मॅग्नेशियमाची वापरतात. तिच्यावर रंग देऊ नये. ती निम्मी झिजली की बदलावी.

थर्मोस्टॅट काढून टाकून मोटर ‘थंड’ ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते, पण ती अपायकारक आहे. फार थंड सिलिंडरात इंधनाचे पूर्ण बाष्पीभवन होत नाही. चार-धाव (फोर-स्ट्रोक) मोटरीत ते पिस्टनच्या कड्यांवरून झिरपून तेलात मिसळते व तेल पातळ होते. केरळात मच्छीमारांकडून रॉकेलवर चालवल्या जाणाऱ्या मोटरींबाबत हे विशेष खरे आहे. त्या पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घेतात व बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणतात, कारण रॉकेल थंड एंजिनात नीट पेटत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठ्या यांत्रिक नौकांत आतील डीझेल एंजिन असते. आउटबोर्ड मोटर लहान होड्यांवर व पर्यटनाच्या बोटींवर दिसते.

अतितापनाची लक्षणे : मागील बाजूने बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार पंप चालू असल्याची खूण आहे. ती दिसते एवढ्यावरून सिलिंडर पुरेसा थंड होतो असे मात्र ठरत नाही, कारण अनेक रचनांत ही धार मुख्य प्रवाहातून आधीच फाटा काढून घेतलेली असते. उलट धार क्षीण झाली की पंपच गेला असेही नाही. छिद्रात मीठ धरलेले असते, किंवा उभ्या राहिलेल्या मोटरीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते. आधी छिद्र बारीक तारेने मोकळे करून पाहावे. धार गरम वाफाळलेली येणे, इशाऱ्याचा भोंगा वाजणे, वेग आपोआप उतरणे ही गंभीर लक्षणे होत. अशा वेळी मोटर बंद करून तळच्या जाळ्या पाहाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ हे सर्वांत साधे व वारंवार आढळणारे कारण आहे. तापलेली मोटर तशीच रेटल्यास हेडचे गॅस्केट जाते, पिस्टन चिकटतो.

मोटर फळीवर फार उंच बसवली तर वळणावर पंप हवा ओढतो. पंख्यावरची आडवी पट्टी साधारणपणे नौकेच्या तळाच्या पातळीला यावी. फळीची उंची सुमारे ३८ सेंमी. असेल तर आखूड पायाची आणि सुमारे ५१ सेंमी. असेल तर लांब पायाची मोटर लागते. पुरात बचावकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फुगवलेल्या रबरी बोटींपुढे (ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात अशा बोटी मोठ्या संख्येने लागल्या) पंपाला पाणी कमी पडण्याची हीच अडचण वेगळ्या रूपाने येते : उथळ गढूळ पाणी, बुडालेली कुंपणे, पाचट आणि पंचगंगेसारख्या नद्यांत जलपर्णी. जाळ्या वारंवार मोकळ्या करणे व काम संपताच गोड्या पाण्याने गाळ धुऊन काढणे याला येथे पर्याय नाही.

अन्य पद्धती : सुमारे दोन अश्वशक्तीच्या काही लहान मोटरी हवेने थंड होतात, त्यांना पंप नाही, पण आवाज अधिक असतो. लहान विद्युत् मोटरींत चलित्र पाण्यातच बुडलेले असून उष्णता त्याच्या आवरणातून थेट पाण्यात जाते. अशा आवरणावर शेवाळाचा व शिंपल्यांचा थर साचू न देणे एवढीच शीतनाची देखभाल उरते.