झोपडी

झोपडी (स्त्री.; नपुंसकलिंगी रूप झोपडे, बोलताना झोपडं) : माती, बांबू, गवत अशा आसपास मिळणाऱ्या सामानातून उभारलेले, बहुधा एकाच खोलीचे घर.

‘झोपायची जागा ती झोपडी’ ही व्युत्पत्ती कोणालाही चटकन पटते. ती चुकीची आहे, आणि हे समजून घ्यायला नागपूरसारखे गाव नाही. इथे एकाच दमात मराठी आणि हिंदी बोलली जाते. हिंदीतही शब्द झोपडीच, फक्त झ चा उच्चार निराळा. झोपेला मात्र नींद. गुजरातीत झूंपडी आणि ऊंघ. झोपेशी नाते मराठीतच जुळते, तेही योगायोगाने. हेमचंद्र या जैन पंडिताच्या 12व्या शतकातील व्याकरणात अपभ्रंशाचे (प्राकृतानंतरच्या, मराठी-हिंदीआधीच्या भाषेचे) उदाहरण म्हणून दिलेल्या एका दोह्यात ‘झुंपडा’ आढळतो. माझा नवरा गोठणावर (गुरे बसतात त्या जागी) असताना झोपड्या जळतीलच कशा, असे त्यातली बाई ठसक्यात विचारते. आग तो शत्रूच्या नाहीतर स्वतःच्या रक्ताने विझवील! शब्दातला ड हा अपभ्रंशाचा लाडका प्रत्यय. कातडे, आतडे यांतही तोच. एकूण शब्द देशी वळणाचा. कुटी, कुटीर हे संस्कृतातले, वेगळ्या कुळाचे.

नागपूरकडच्या वावरातल्या झोपडीला तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कुड (भिंत) असतो. काड्या उभ्या लावून बांबूच्या कमच्यांनी आडव्या आवळतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपतात. लिंपण वाळले की भेगा पडतात, त्यांवर पुन्हा हात फिरवावा लागतो. वर गवत किंवा कवेलू, म्हणजे मातीची कौले. मृगाआधी छप्पर शाकारायचे. काटोल, नरखेडच्या संत्राबागांत राखणदारासाठी अशी झोपडी असे. आता तिथे बहुधा टिनाचे पत्रे दिसतात, आणि मे महिन्यात त्यांच्याखाली दुपारी बसवत नाही.

नागपूरहून सुमारे 75 किलोमीटरवरच्या सेवाग्रामात गांधीजी 1936 साली राहायला आले. त्यांचे घरही माती, बांबू, कवेलूंचेच. पण त्याला झोपडी कोणी म्हणत नाही, ती बापू कुटी. सामान तेच, राहणारा बदलला की शब्द बदलतो. उलट प्रकार झोपडपट्टीचा. समासात शब्दाची ई गळते आणि पुढे पट्टी येते. शहरातल्या अशा वस्त्यांत आज विटांच्या भिंती, स्लॅब, कुठे वरचा मजलाही दिसतो. कुड केव्हाच गेला, नाव तेच राहिले.